तयार पॉलिमरला नवे गट जोडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चे विद्यार्थी, डोंबिवली-तारापूरचे छोटे कारखानदार, वसईचे फिल्म छापणारे आणि एकदा आमच्याच सोसायटीत काम करणारा प्लंबर, अशा निरनिराळ्या लोकांनी गेल्या काही वर्षांत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले ते इथे एका जागी आणले आहेत. यातली एक गोष्ट मला दर फोनवर सांगावी लागते. ती चौथ्या प्रश्नात आहे. घाईत असाल तर आधी तोच वाचा.

१. तयार पॉलिमरमध्ये रासायनिक बदल करायचा म्हणजे नक्की काय करायचं?

शाळेच्या पुस्तकात ज्याला बहुवारिक म्हणतात ते पॉलिमर म्हणजे शेकडो-हजारो छोटे रेणू ओळीने जोडून झालेली लांब साखळी. साखळी बनते तेव्हाच तिच्या अंगावर कोणते क्रियात्मक गट, म्हणजे अभिक्रियेत भाग घेणारे अणूंचे छोटे समूह, असणार हे बहुतेक वेळा ठरून जातं. पॉलिथिनवर काहीच नसतं, पीव्हीसीवर क्लोरीन असतो, पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटवर अ‍ॅसिटेट. पण साखळी तयार झाल्यावरही, तिचा कणा न तोडता, अंगावरचे गट बदलता येतात, काढता येतात किंवा नवे बसवता येतात. या पानाचा विषय तो.

गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे चटकन कळतं. साच्यावरून कोरं कापड उतरतं, मग ते ब्लीचला जातं, रंगाला जातं, फिनिशला जातं. विणकाम एकच, पण त्या कोऱ्या मालातून दहा तऱ्हेचा माल निघतो. सुती कापडाच्या बाबतीत तर ही नुसती उपमाही नाही. १९५६ साली बाजारात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग सेल्युलोजच्या साखळीशी खराखुरा रासायनिक बंध जोडतात. माझे मामा परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. आधी मीठ, मग सोडा, हा क्रम ते घरी जेवतानाही सांगायचे. मिठाने रंग धाग्याजवळ येतो आणि सोडा पडला की तो धाग्याला कायमचा धरतो. सोडा अ‍ॅशमुळे पाणी अल्कधर्मी होतं, सेल्युलोजचा हायड्रॉक्सिल गट जागा होतो आणि रंगाच्या रेणूवर हल्ला करतो, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. जो रंग धाग्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो, तो नंतर साबणाच्या गरम पाण्यात काढावा लागतो. तो नीट काढला नाही तर पहिल्या धुण्यात बादलीभर रंग जातो.

२. एवढा उपद्व्याप कशाला? हवा तो गट आधीच असलेला मोनोमर घेऊन पॉलिमर का बनवत नाहीत?

जमत असेल तर जरूर तसंच करावं. पण पुष्कळदा जमत नाही.

सगळ्यात सोपं उदाहरण पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं. याचा मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा दुवा, व्हिनाइल अल्कोहोल असायला हवा, पण तो बाटलीत भरून ठेवता येत नाही. तयार होताच तो अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्ये बदलतो. म्हणून आधी व्हिनाइल अ‍ॅसिटेटची साखळी बनवतात आणि मग तिच्यावरचे अ‍ॅसिटेट गट मिथेनॉल आणि अल्कलीने उतरवतात. जगात जेवढं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल विकलं जातं ते या मार्गाने येतं.

दुसरी अडचण उत्प्रेरकाची. पॉलिप्रॉपिलिन बनवणारे झिग्लर-नाट्टा उत्प्रेरक टायटॅनियमचे असतात आणि अमाइन, आम्ल, अल्कोहोल असे गट दिसले की त्यांना चिकटून बसतात. उत्प्रेरक तिथेच मेला. त्यामुळे आधी साधी साखळी बनवायची आणि मग तिच्यावर हवा तो गट बसवायचा, हाच व्यवहार्य रस्ता उरतो.

तिसरं कारण संशोधकाचं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. एकाच मूळ साखळीपासून दहा नमुने बनवले तर दहांची लांबी एकच राहते, फक्त गट वेगळे. मग गुणधर्मात पडलेला फरक गटामुळे आहे, लांबीमुळे नाही, असं छातीठोकपणे म्हणता येतं. दहा वेगळे मोनोमर घेऊन दहा पॉलिमर बनवले तर ते म्हणता येत नाही.

३. हे तंत्र नवीन आहे का?

पॉलिमर म्हणजे काय हे कळण्याच्याही आधीचं आहे. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवून व्हल्कनायझेशन सापडलं. १८४६ मध्ये शोनबाइनने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाचा प्रयोग करून नायट्रोसेल्युलोज बनवलं. पुढे त्यातूनच सेल्युलॉइड आलं आणि सिनेमाची फिल्म आली. दादासाहेब फाळक्यांच्या काळातली फिल्म ती हीच, भडकन पेटणारी.

या दोघांनाही आपण लांब साखळीवर काम करतोय याची कल्पना नव्हती. हर्मान श्टाउडिंगरने १९२० मध्ये साखळीची कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना ती पटली नाही. त्यांच्या मते रबर, सेल्युलोज वगैरे म्हणजे छोट्या रेणूंचे नुसते गठ्ठे होते. श्टाउडिंगरने त्यांच्यापुढे जे पुरावे ठेवले त्यातला एक या पानाच्या विषयाचाच होता: साखळीवरचे गट बदलले तरी साखळीतल्या दुव्यांची संख्या तेवढीच राहते. हजार दुव्यांच्या पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचं रेणुवस्तुमान सुमारे ८६,००० असतं. सगळे अ‍ॅसिटेट उतरवले की ते ४४,००० वर येतं, पण दुवे हजारच. गठ्ठा असता तर गट बदलताच विस्कटला असता. १९५३ साली त्याला नोबेल मिळालं.

४. माझं रूपांतर ९५ टक्के झालंय. उरलेलं ५ टक्के धुऊन काढता येईल ना?

नाही.

छोट्या रेणूंच्या रसायनशास्त्रात वाढलेल्या प्रत्येकाला इथे ठेच लागते, मलाही लागली. तिथे ९५ टक्के उत्पन्न आलं तर ५ टक्के न बदललेला माल वेगळा रेणू असतो. स्फटिकीकरण करा, कॉलम लावा, ऊर्ध्वपातन करा, तो बाजूला निघतो. पॉलिमरमध्ये न बदललेले दुवे त्याच साखळीत, बदललेल्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असतात. हजार दुव्यांची साखळी आणि ९५ टक्के रूपांतर म्हणजे प्रत्येक साखळीवर सरासरी पन्नास जुने गट. ९९ टक्के म्हणजे दहा. त्यांना काढायचं तर साखळीच कापावी लागेल.

याचा अर्थ असा की अर्धवट राहिलेलं काम आणि वाटेत झालेली चूक, दोन्ही तुमच्या मालाचा कायमचा भाग होतात. एखाद्या दुव्यावर नको ती अभिक्रिया झाली, तर तोही दुवा तिथेच राहणार. म्हणून या क्षेत्रात साधी, स्वच्छ, जवळजवळ पूर्ण होणारी अभिक्रिया एखाद्या हुशार पण ७० टक्क्यांवर अडकणाऱ्या अभिक्रियेपेक्षा कितीतरी भारी ठरते.

उरलेले गट नेहमी शत्रू असतात असं मात्र नाही. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच बघा. बाजारात त्याच्या दोन ठळक जाती मिळतात, एक ९८-९९ टक्के अ‍ॅसिटेट उतरवलेली आणि दुसरी सुमारे ८८ टक्के. ऐकायला पहिली जास्त 'शुद्ध' वाटते, पण ती विरघळवायला पाणी ९० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, कारण तिच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून बसतात. ८८ टक्क्यांच्या जातीत मधे मधे राहिलेले अ‍ॅसिटेट ही मिठी सैल करतात आणि माल बऱ्याच कमी तापमानाला विरघळतो. ताण्याला खळ देणाऱ्याला ती खळ नंतर धुऊन काढायची असते, त्यामुळे हे १२ टक्के त्याच्या कामाचे. प्रश्न किती उरलं एवढाच नसतो. जेवढं उरायला हवं होतं तेवढंच उरलं का, आणि दर बॅचला तेवढंच उरतंय का, हे बघायचं असतं.

५. अभिक्रियेला दुप्पट वेळ दिला, अभिकारकही जास्त घातला, तरी १०० टक्के का होत नाही?

कारण साखळीवरचा गट एकटा नसतो, त्याला शेजारी असतात. ते कधी मदत करतात, कधी वाट अडवतात.

पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडला अल्कलीत तापवलं की अमाइड गटांचे कार्बोक्सिलेट गट होतात. सुरुवात झपाट्याने होते. पण प्रत्येक नवा कार्बोक्सिलेट ऋणभारित असतो आणि हल्ला करायला येणारा हायड्रॉक्साइडही ऋणभारित. दोन्ही बाजूंना कार्बोक्सिलेट असलेल्या अमाइडजवळ तो फिरकूच शकत नाही. सत्तर टक्क्यांच्या आसपास काम जवळजवळ थांबतं. तुम्ही रात्रभर तापवत बसलात तरी वीजबिलच वाढेल.

दुसरा अडथळा निव्वळ गणिताचा आहे. पीव्हीसीवर जस्ताची क्रिया केली की शेजारशेजारचे दोन क्लोरीन जोडीने निघतात. आता कल्पना करा, दादरच्या पुलावर माणसांची एक लांबच लांब रांग उभी आहे आणि प्रत्येकाला सांगितलंय की डावीकडच्या किंवा उजवीकडच्या एकाशीच हात मिळवा आणि सोडू नका. जोड्या मनाला येईल तशा जुळत गेल्या की काही माणसांच्या दोन्ही बाजूंचे लोक आधीच जोडीत गेलेले असतात. ती एकटीच राहतात. पॉल फ्लोरीने १९३९ मध्ये हिशेब करून दाखवलं की अशा लांब रांगेत शंभरात साधारण साडेतेरा एकटे उरतात. प्रयोगात निघणारा क्लोरीनही ८६ टक्क्यांच्या आसपासच थांबतो. मला हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा जेवढा सुंदर वाटला तेवढाच आजही वाटतो. अभिकारक कितीही शुद्ध आणा, रांगेचं गणित बदलत नाही.

याच जोडीच्या गणिताचा भाऊबंद तुमच्या गाडीच्या पुढच्या काचेत आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे शेजारी हायड्रॉक्सिल ब्युटिराल्डिहाइडशी जोडीने बांधले की पॉलिव्हिनाइल ब्युटिराल तयार होतं. त्याचा साधारण पाऊण मिलिमीटरचा पातळ थर दोन काचांमध्ये असतो. या अभिक्रियेतले बंध उलटू शकतात, त्यामुळे फ्लोरीची मर्यादा इथे पीव्हीसीइतकी कडक नाही. पण काही हायड्रॉक्सिल मुद्दाम राखले जातात. ते काचेला धरून ठेवतात, म्हणून दगड लागला तरी काच तडकते, पण तुकडे मांडीवर पडत नाहीत.

६. गट खरंच बसला की नाही हे कसं ओळखायचं?

एका पद्धतीवर कधीच विसंबू नका. आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रम दाखवतो गट आहे का, एनएमआर (चुंबकीय अनुनाद) दाखवतो किती आहे, टायट्रेशन स्वस्तात दोन्हीची खात्री करून देतं आणि जीपीसी, म्हणजे साखळ्यांची लांबी मोजणारी पद्धत, सांगते की या सगळ्या भानगडीत साखळी तुटली किंवा एकमेकींत गुंतली तर नाही ना. छोट्या कारखान्यात एनएमआर नसतो, पण ब्युरेट असतेच. आयन एक्स्चेंज रेझिन घ्या: पॉलिस्टायरिनच्या प्रत्येक वलयावर एक सल्फोनिक गट बसला तर कोरड्या रेझिनची क्षमता ग्रॅमला सुमारे ५.४ मिलिइक्विव्हॅलंट यायला हवी. मीठ आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) घेऊन टायट्रेशन करा, तुमच्या मालाची खरी क्षमता हातात येते.

धुलाईचं महत्त्व मला एका बॅचने शिकवलं. पॉलिप्रॉपिलिनवर मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडण्याचं काम होतं, एक्स्ट्रूडरमध्ये पेरॉक्साइड घालून. बाहेर आलेल्या दाण्यांचा आयआर घेतला तर १७८० च्या जवळ अ‍ॅनहायड्राइडचं शिखर असं उंच की आम्ही खूश. ज्या कारखान्यासाठी ते केलं तिथे चिकटण्याची चाचणी सपशेल पडली. मग तेच दाणे उकळत्या झायलिनमध्ये विरघळवले, गरम गरमच अ‍ॅसिटोनमध्ये ओतले, खाली बसलेला पांढरा लगदा गाळून, धुऊन, सुकवून पुन्हा आयआर घेतला. शिखर तळहाताएवढं होतं ते नखाएवढं झालं. बाकीचं सगळं न जोडलेलं मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड होतं, साखळीशी काहीही संबंध नसलेलं, दाण्यात नुसतं अडकून बसलेलं. तेव्हापासून न धुतलेल्या नमुन्याचा स्पेक्ट्रम मी कुणाला दाखवत नाही.

चौथ्या प्रश्नातलं उत्तर आणि हे उत्तर एकत्र वाचा. साखळीवरचं उरलेलं धुतलं जात नाही. साखळीवर नसलेलं मात्र धुतलंच पाहिजे.

७. जूनपर्यंत माल उत्तम चालतो आणि जुलैत अचानक तक्रारी येतात. का?

मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेला माल असेल तर बहुधा मुंबईची हवाच कारण आहे. अ‍ॅनहायड्राइडचं वलय पाण्याने उघडतं आणि त्याचे दोन आम्लगट होतात. पावसाळ्यात उघडी ठेवलेली पोती ओल धरतात. आयआरमध्ये १७८० चं शिखर खाली जातं आणि १७१० च्या आसपासचं वर येतं. वापरण्याआधी दाणे ११०-१२० अंशांवर, शक्य असेल तर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये, काही तास सुकवले तर बरंचसं वलय पुन्हा मिटतं. पोत्याला आतून प्लास्टिकची पिशवी हवी आणि ती बांधलेलीही हवी. गोदाम भिवंडीला आहे आणि छत गळतंय, असं असेल तर रसायनशास्त्राच्या आधी पत्रे बदला.

८. ससून डॉकला कोळंबीच्या टरफलांचे ढीग पडतात. त्यांचं काही करता येईल का?

येतं, आणि हा माझा आवडता प्रश्न आहे.

पहाटे ससून डॉकला गेलात तर बायका ओळीने बसून कोळंबी सोलताना दिसतात. मांस एका टोपलीत, टरफलं दुसरीकडे. त्या टरफलात कायटिन आहे, सेल्युलोजसारखीच साखळी, पण प्रत्येक दुव्यावर एक अ‍ॅसिटाइल केलेला अमाइन गट असलेली. आधी टरफलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात. फसफस होऊन कॅल्शियम कार्बोनेट निघून जातं आणि कडक टरफल ओल्या कागदासारखं मऊ पडतं. मग सौम्य कॉस्टिकने प्रथिनं काढतात. जे उरतं ते कायटिन, आणि ते पाण्यात, व्हिनेगरमध्ये, कशातच विरघळत नाही.

इथे आपलं काम सुरू होतं. ४० ते ५० टक्क्यांच्या कॉस्टिकमध्ये ते काही तास तापवलं की अ‍ॅसिटाइल गट उतरतात आणि खालचा अमाइन उघडा पडतो. बाहेरून काहीही आणून जोडलेलं नाही, फक्त झाकलेलं उघडलं. हे झालं कायटोसान. निम्म्याहून जास्त अमाइन मोकळे झाले की ते १ टक्का अ‍ॅसिटिक आम्लात विरघळतं, कारण अमाइन प्रोटॉन घेऊन धनभारित होतात. काचेच्या ग्लासात चिमूटभर पांढरे पापुद्रे टाकावेत, हळूहळू फुगून पारदर्शक व्हावेत आणि शेवटी नुसतं घट्ट, मधासारखं ओघळणारं पाणी उरावं: ज्याने ते एकदा पाहिलंय त्याला क्रियात्मक गट म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्या धनभारित अमाइनमुळे कायटोसान सांडपाण्यातला ऋणभारित गाळ गोळा करतं आणि रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांमध्येही वापरलं जातं. पण उद्योग म्हणून सुरू करण्याआधी दोन गोष्टींचा हिशेब करा. टरफलं लवकर सडू लागतात, आणि एवढं कॉस्टिक व आम्ल वापरल्यावर निघणाऱ्या सांडपाण्याचं काय करणार? घरच्या गॅसवर तर हे चुकूनही करू नका. गरम कॉस्टिकचा एक थेंब डोळा घेऊन जातो.

९. गिझरच्या पाइपला पीव्हीसी चालत नाही, सीपीव्हीसी चालतो. फरक एका अक्षराचाच ना?

त्या प्लंबरचा प्रश्न हाच होता. तो 'सी' म्हणजे क्लोरीन. पीव्हीसी तयार झाल्यावर त्याची पावडर पाण्यात कालवून तिच्यावर क्लोरीन वायू सोडतात, आणि प्रकाश किंवा उष्णतेने अभिक्रिया चालू करतात. साखळीवरच्या काही हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसतो. पीव्हीसीत वजनाने ५६.७ टक्के क्लोरीन असतो, तो ६३ ते ६७ टक्क्यांपर्यंत नेतात. जड क्लोरीनमुळे साखळीला वळायला जागा कमी पडते, त्यामुळे मऊ पडण्याचं तापमान चढतं. साधं पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास ढिलं पडतं. सीपीव्हीसी त्याच्या बरंच वर टिकतं, म्हणून गिझरचं पाणी त्यातून निर्धास्त जातं. एक सूचना प्लंबरांसाठी: पीव्हीसीचा सॉल्व्हंट सिमेंट सीपीव्हीसीला लावू नका. साखळी बदलली की तिचा द्रावकही बदलतो.

१०. पॉलिथिन फिल्मवरची छपाई नखाने खरडली जाते. शाई बदलू का?

शाईला दोष देण्याआधी फिल्मची ट्रीटमेंट तपासा. पॉलिथिनच्या पृष्ठभागावर शाईला धरायला एकही गट नसतो. त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे शाई त्यावर किती पसरेल याचं माप, सुमारे ३१ डाइन आणि छपाईला साधारण ३८ लागते. कोरोना ट्रीटमेंटमध्ये फिल्म उच्च दाबाच्या विद्युत विसर्गाखालून जाते, तेव्हा हवेतला ऑक्सिजन वरच्या थराला कार्बोनिल, हायड्रॉक्सिल, कार्बोक्सिल असे गट जोडतो. हाही तयार पॉलिमरमध्ये केलेला बदलच, फक्त कातडीपुरता.

हा बदल टिकाऊ नसतो. साखळ्या हलत राहतात, गट आत वळतात, फिल्म घसरती राहावी म्हणून घातलेला स्लिप अ‍ॅडिटिव्ह वर येतो आणि आठवड्यांत डाइन उतरते. रोल आला त्या दिवशीची नोंद बघू नका, मशीनवर चढवायच्या आधी डाइन पेनने (ठराविक डाइनचा द्रव भरलेल्या पेनने) रेघ मारा. रेघ दोन सेकंद अखंड राहिली तर छापा. थेंब थेंब होऊन आकसली तर पुन्हा ट्रीटमेंट द्या. छापल्यावर सेलोटेप चिकटवून झटक्यात ओढायची चाचणी वसईत सगळ्यांना माहीत आहे, पण ती उशिराची चाचणी आहे, माल छापून झालेला असतो.

११. मिश्र भंगार प्लास्टिक एकजीव करायला 'कंपॅटिबिलायझर' म्हणून मॅलेइक जोडलेलं पीपी (पॉलिप्रॉपिलिन) विकतात. ते चालतं का?

कशात मिसळताय त्यावर आहे. पीपी आणि नायलॉन एकत्र आले असतील तर उत्तम चालतं, कारण नायलॉनच्या साखळीच्या टोकाला अमाइन असतो, तो अ‍ॅनहायड्राइडशी अभिक्रिया करतो आणि दोन्ही प्लास्टिकच्या सीमेवर टाका पडतो. पण धारावीतल्या गाळ्यांत येणारा बराच माल पॉलिथिन आणि पीपीचा असतो. त्या दोघांवरही अ‍ॅनहायड्राइडला पकडायला काही नाही. तिथे हे महागडं औषध घालणं म्हणजे ज्याला ताप नाही त्याला पॅरासिटामॉल. विकणाऱ्याला एकच विचारा: तुमचा गट माझ्या मालातल्या कोणत्या गटाशी अभिक्रिया करणार? उत्तर आलं नाही तर पिशवी परत करा.

१२. डीएस म्हणजे काय? सगळे आधी तेच विचारतात.

सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज दुव्यावर तीन हायड्रॉक्सिल असतात. त्यातले सरासरी किती बदलले, तो आकडा म्हणजे डीएस (डिग्री ऑफ सब्स्टिट्यूशन), शून्य ते तीन. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजला, म्हणजे सीएमसीला, साधारण ०.४ च्या खाली पाण्यात नीट विरघळता येत नाही. बाजारातल्या नेहमीच्या मालाचा डीएस ०.७ च्या आसपास असतो. आकडा बरोबर असूनही सीएमसीच्या द्रावणात गोळ्या दिसत असतील तर गट सारखे पसरलेले नाहीत असं समजा. अल्कली धाग्यात आतपर्यंत मुरली नव्हती, बाहेरचा भाग भरपूर बदलला आणि गाभा कोराच राहिला. सरासरी आकडा हे लपवतो.

डीएस किती महत्त्वाचा ते नायट्रोसेल्युलोजवरून कळेल. नायट्रोजन ११ टक्क्यांच्या आसपास असेल तर सेल्युलॉइड, कंगवे, बाहुल्या. १३ टक्क्यांच्या वर गेला की बंदुकीची दारू. साखळी तीच.

१३. क्लिक केमिस्ट्रीचा एवढा बोलबाला का?

चौथ्या प्रश्नामुळेच. क्लिक म्हणजे दोन गट खटकन आणि जवळजवळ पूर्ण जोडणारी अभिक्रिया. अझाइड आणि अल्काइन तांब्याच्या उपस्थितीत जवळजवळ पूर्ण जोडले जातात, पाण्यातही, इतर गटांना हात न लावता. साखळीवर चुका साठू द्यायच्या नसतील तर याहून चांगलं काय? २०२२ चं नोबेल शार्पलेस, मेल्डाल आणि बर्टोझी यांना याच विचारासाठी मिळालं. कारखान्यासाठी ते अजून महाग आहे, औषधं आणि निदानाच्या कामात परवडतं.

१४. कोणत्या रसायनांची भीती बाळगावी?

क्लोरोमिथाइल मिथाइल इथरची सर्वात जास्त. पॉलिस्टायरिनवर क्लोरोमिथाइल गट बसवायला तो पूर्वी सर्रास वापरायचे. मेरिफील्डने १९६३ मध्ये पेप्टाइड जोडण्यासाठी जे रेझिन वापरलं ते क्लोरोमिथाइल केलेलंच होतं. हा इथर आणि त्यात हटकून सापडणारा बिस-क्लोरोमिथाइल इथर, दोन्ही माणसात कर्करोग करतात. आज तयार रेझिन विकत मिळतं, स्वतः बनवू नका. मोनोक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल त्वचेतून शरीरात शिरतं आणि शरीराच्या थोड्याशा भागाला लागलं तरी जीव जाऊ शकतो, म्हणून सीएमसी बनवणाऱ्यांनी हातमोज्यांच्या बाबतीत कंजुषी करू नये. सोडियम अझाइड विषारी आहे आणि बेसिनमध्ये ओतला तर शिशाच्या किंवा तांब्याच्या पाइपात स्फोटक क्षार साठतात.

१५. मुंबईत हे शिकायचं कुठे?

माटुंग्याला दोन संस्था जवळजवळ आहेत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली, जुने लोक अजूनही यूडीसीटी म्हणतात ती आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), आणि १९२४ पासून कापसावर काम करणारी सिरकॉट. पवईला आयआयटी आहे. कापूस-सेल्युलोजकडे ओढा असेल तर सिरकॉटमध्ये जाऊन बोला. प्लास्टिक, रंग, लेप यांकडे असेल तर आयसीटी.

१६. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिला प्रयोग कोणता करू?

पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटपासून पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. लाकूडकामाचा पांढरा गोंद घेऊ नका, त्यात आधीच पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मिसळलेलं असतं आणि तुमचा निष्कर्ष खोटा ठरेल. घन पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे दाणे घ्या, मिथेनॉलमध्ये विरघळवा. मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील आहे, म्हणून फ्यूम हूडमध्येच काम करा. मग मिथेनॉलमधलं सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं घालत ढवळा. काही वेळ काहीच होणार नाही आणि तुम्हाला वाटेल की चुकलं. मग एकाएकी द्रावण दाट होतं, कांडी जड लागते, सगळं दह्यासारखं लागतं. तिथे थांबू नका, ढवळून ते मोडा. पांढरे कण सुटतील. गाळा, मिथेनॉलने तीन-चार वेळा धुवा, सुकवा.

आता चिमूटभर मूळ दाणे आणि चिमूटभर नवा माल दोन परीक्षानळ्यांत घेऊन दोन्हींत पाणी घाला आणि गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. मूळ दाणे तळाशी मऊ होऊन एकमेकांना चिकटतील. दुसऱ्या नळीतले कण फुगतील आणि हळूहळू दिसेनासे होतील. त्यात बोरॅक्सच्या द्रावणाचे काही थेंब टाका आणि नळी हलवा.